बॅटरी नवी, सेल्फ नवा, तरी गाडी उभी : अमळनेरच्या एका शाळेच्या व्हॅनचं प्रकरण

गाडी सात आसनी व्हॅन, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी, साधारण १.२ लिटरचं इंजिन. सकाळी बोरीकाठच्या खेड्यांतली मुलं अमळनेरला शाळेत आणायची, दुपारी परत सोडायची, सुट्टी असली की लग्नाचं नाहीतर देवदर्शनाचं भाडं. हिची बॅटरी बॉनेटखाली नाही, पुढच्या डाव्या सीटखाली आहे, सरकत्या दाराला अगदी लागून. बॅटरीची ही जागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मे महिन्यात हिची जुनी बॅटरी बसली. खानदेशात यात नवल नाही. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या घरात गेला की बॅटरीतलं पाणी लवकर आटतं, आतल्या शिशाच्या जाळ्या भराभर झिजतात, आणि दोन पावसाळे आणखी काढले असते ती बॅटरी उन्हाळ्यातच मान टाकते. मालकानं नवी बसवून घेतली. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तेव्हापासून गाडीनं छळ मांडला.

तक्रार काय होती

तक्रार एक नव्हती, चार होत्या, आणि चारही वरवर पाहता एकमेकींशी नातं नसलेल्या.

पहिली म्हणजे सकाळी किल्ली फिरवली की नुसतं ‘कट्’. डॅशबोर्ड विझतो, सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर) फिरत नाही. चालक खाली उतरतो, बॉनेट उघडून उगाच दोन वायरी हलवतो, परत येऊन बसतो आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू होते. दुसरी, घड्याळ आपोआप १:०० वर जाऊन बसतं. तिसरी, बल्ब वारंवार उडतात आणि चालता चालता इंजिनाचा पिवळा दिवा लागून आपला आपण विझतो. चौथी तक्रार मालकाच्या मोबाइलवरची. गाडीला जीपीएस ट्रॅकर आहे, त्याच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, आणि गाडीचा पुरवठा तुटला की तो मेसेज पाठवतो. असे ‘पुरवठा खंडित’ मेसेज येत होते, तेही गाडी उभी असताना. मालकाला वाटलं, कुणीतरी रात्री वायरी उपटतंय.

चालक वयानं मोठे, पारोळ्याकडचे. गाडी माझ्याकडे लावतानाच म्हणाले, “भाऊ, बॅटरी तं नवीच शे, सेल्फ बी नवा टाका, मंग आते काय राह्यनं?” म्हणजे बॅटरी नवी, सेल्फही नवा टाकला, मग आता राहिलं काय?

प्रश्न रास्त होता. माझ्याकडे येण्याआधी सेल्फचा रिले (किल्लीच्या इशाऱ्यावर सेल्फला वीज जोडणारा छोटा स्विच) बदलून झाला होता, मग अख्खा सेल्फ, मग ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) उघडून त्याचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नवा. आणि गंमत अशी की प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी काही दिवस सुतासारखी सरळ चालली. रिले बदलला, बरी झाली. सेल्फ बदलला, बरी झाली. मग पुन्हा जैसे थे.

इथेच मला पहिला धागा सापडला. सेल्फ काढायचा म्हटलं की कुठलाही शहाणा मेकॅनिक आधी बॅटरीचं ऋण टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या वजा बाजूच्या शिशाच्या खुंटावर चढवलेलं केबलचं कडं, सोडतो. ऑल्टरनेटर उघडायचा तरी तेच. काम झालं की टर्मिनल परत घालून आवळतो. म्हणजे आधीच्या प्रत्येक दुरुस्तीत सुटा भाग वेगवेगळा होता, पण बॅटरीचं टर्मिनल काढणं आणि नव्यानं बसवणं सगळ्यांत समान होतं. तेवढ्या हलवाहलवीनं सांधा काही दिवसांपुरता जुळायचा आणि श्रेय नव्या सेल्फला मिळायचं. गाडीचा इतिहास विचारताना ‘काय बदललं’ यापेक्षा ‘ते बदलताना आणखी कशाला हात लागला’ हे मी जास्त खोदून विचारतो, ते यासाठीच.

आधीच्या कारागिरानं टर्मिनल तपासलं नव्हतं असंही नाही. त्यानं पाना लावून पाहिला, बोल्ट घट्ट. मीटर बीपवर ठेवून खुंट ते टर्मिनल तपासलं, बीप आली. खुंटांवर व्होल्टेज पाहिलं, साडेबारा. तिन्ही उत्तरं खरी होती आणि तिन्ही निरुपयोगी.

बीप खोटं का बोलते

मल्टिमीटरची बीप दहा-वीस ओहमचा अडथळा असला तरी वाजते. ओहमच्या पट्टीवर मोजायला जावं तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा ०.२ ओहमच्या आसपास भरतो. आणि सेल्फच्या वाटेवर सगळं बिघडवायला ०.०२ ओहम पुरे होतात. गणित सरळ आहे. या आकाराच्या इंजिनाचा सेल्फ फिरताना १०० अँपिअरच्या आगेमागे विद्युतप्रवाह ओढतो. १०० गुणिले ०.०२, म्हणजे २ व्होल्ट त्या सांध्यातच गेले. मीटर मात्र चाचणी घेताना जेमतेम मिलीअँपिअर सोडतो. मिलीअँपिअरला कसलाही कच्चा सांधा चालतो. घड्याळाला चालतो, आतल्या दिव्याला चालतो, डॅशबोर्डलाही चालतो. शंभर अँपिअर आले की तो उघडा पडतो.

‘कट्’ आवाजाचं कोडंही यातच आहे. किल्ली फिरवली की सॉलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला जातो, त्याला लागणारा प्रवाह थोडा. तो ओढला गेला की मोठे कॉन्टॅक्ट जुळतात आणि सेल्फ एकदम शंभर-दीडशे अँपिअर मागतो. कच्च्या सांध्यावर व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतो, डॅशबोर्ड विझतो. सांध्याला थोडा तरी जीव असेल तर व्होल्टेज परत चढतं आणि पुन्हा कोसळतं, म्हणून काही गाड्या ‘कटकटकट’ करतात. ही एकदाच ‘कट्’ करून गप्प व्हायची, म्हणजे सांधा पार सुटत होता.

घड्याळानं तर निम्मं निदान आधीच केलेलं होतं. घड्याळाचा पुरवठा किल्लीतून जात नाही, सरळ बॅटरीवरून येतो. सेल्फ, त्याचा रिले, किल्लीचा स्विच, यांतलं काहीही बिघडलं तरी घड्याळ पुसलं जात नाही. ते पुसलं गेलं म्हणजे दोष बॅटरीत, तिच्या दोन टर्मिनलांत, मुख्य फ्यूजमध्ये किंवा बॉडीच्या अर्थमध्ये, म्हणजे ऋण बाजूच्या बॉडीशी असलेल्या जोडणीत. सेल्फवर पैसे घालायच्या आधी हे कुणी विचारायला हवं होतं.

मी चालकांना विचारलं, घड्याळ नेमकं कधी पुसलं जातं? ते थोडं थांबले, मग म्हणाले, “दार आपटनं का घड्याळ एकवर येस.” पोरं दार आपटतात, बॅटरी दाराला लागून, सांधा हादरतो, पुरवठा तुटतो. मालकाचे ते मेसेजही मग मोबाइलवर काढून पाहिले. रात्रीचे क्वचित, बहुतेक शाळेच्या फाटकाशी मुलं उतरायच्या वेळचे. चालक तिथे इंजिन बंद करायचे. इंजिन चालू असतं तर ऑल्टरनेटरनं ट्रॅकरला सांभाळून घेतलं असतं, मेसेज आलाच नसता. वायरी उपटणारा चोर असा दप्तर घेऊन उतरत होता.

मोजमाप

सीट काढली, बॅटरीला हात न लावता मोजायला सुरुवात केली. हे मी मुद्दाम करतो. आधी साफ केलं, आवळलं, की पुरावा गेला, मग गाडी बरी झाली तरी कशानं बरी झाली ते कळत नाही.

सुरुवात हेडलाइटपासून. दिवे लावून सेल्फ मारायचा आणि दिव्यांकडे पाहायचं. दिवे हळूहळू मंद होऊन सेल्फ रखडला तर बॅटरीत दम नाही. दिवे जसेच्या तसे उजळ आणि सेल्फ गप्प, तर दोष सॉलेनॉइड, रिले किंवा त्यांच्या वायरीत. दिवे फटकन विझले तर सांधा. या गाडीचे फटकन विझले. ही चाचणी फुकट आहे, कुणालाही घरी करता येते, आणि चारपैकी तीन वेळा ती योग्य दिशेला नेते असा माझा अनुभव.

मग मीटर. बॅटरी निवांत असताना दोन्ही शिशाच्या खुंटांवर १२.५८ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, म्हणजे ठीक. सीएनजी आणि पेट्रोल दोन्ही बंद ठेवून सेल्फ फिरवला, या वेळी तो फिरला. खुंटांवर १०.९. चांगलं आहे, ९.६ च्या खाली जायला नको असतं. आता मीटरची टोकं खुंटांवरून काढून टर्मिनलच्या कड्यांवर ठेवली, परत सेल्फ. ८.२.

बॅटरी १०.९ देतेय आणि एका बोटाच्या अंतरावर ८.२ पोचताहेत. २.७ व्होल्ट वाटेतच गडप.

कुठल्या बाजूला, ते शोधायला मीटरचं एक टोक ऋण खुंटाच्या माथ्यावर, दुसरं त्याच टर्मिनलच्या कड्यावर. सेल्फ फिरताना २.४ व्होल्ट. धन बाजूला तसंच मोजलं, ०.३. एका सांध्यावर ०.१ च्या आत असायला हवं, ०.२ आलं की साफ करायला घ्यावं. २.४ हा आकडा मी क्वचित पाहिलाय. क्लॅम्प मीटरवर प्रवाह शंभराच्या जवळ दिसत होता, म्हणजे त्या एका सांध्यात २४० वॅट उष्णता, हेडलाइटच्या चार बल्बांइतकी, अंगठ्याएवढ्या जागेत. सेल्फ थांबवून लगेच टर्मिनलला बोट लावलं तर चटका बसला.

इंजिन ते बॉडी अर्थपट्टी ०.०९, सेल्फची मोठी केबल ०.२. दोन्ही ठीक. हे मोजलं नसतं तरी चाललं असतं, पण एक चोर सापडला म्हणून दुसरा नसतोच असं नाही.

इंजिन चालू झाल्यावर ऑल्टरनेटरवर १४.१ व्होल्ट, त्याच वेळी बॅटरीच्या खुंटांवर १३.६. सेल्फ मारून झाल्यावर बॅटरी वीसेक अँपिअर परत घेते, त्या प्रवाहानंही सांध्यावर अर्धा व्होल्ट खाल्ला. म्हणजे नवी बॅटरी रोज थोडी उपाशी राहत होती. आणखी सहा महिने हे चाललं असतं तर प्लेटांवर सल्फेट धरून तीही गेली असती, आणि शिव्या बॅटरी बनवणाऱ्याला बसल्या असत्या.

शेवटी दोष मुद्दाम घडवून आणला. किल्ली ऑन ठेवून सरकतं दार जोरात आपटलं. तिसऱ्या आपटीला डॅशबोर्ड विझला. तशाच अवस्थेत दोन्ही खुंटांवर १२.५, आणि ऋण खुंट ते ऋण टर्मिनल या बोटभर अंतरातही १२.५. आख्ख्या बॅटरीचं व्होल्टेज त्या फटीत उभं. चालकांना बोलावून आकडा दाखवला.

आत काय निघालं

बोल्ट खरंच घट्ट होता. १० नंबरचा पाना हलेना. पण टर्मिनलकडे वरून पाहिलं तर कड्याचे दोन्ही कान एकमेकांना भिडलेले. कान भिडले की बोल्ट स्वतःशीच आवळत बसतो, कडं खुंटाला आणखी धरत नाही. पाना घट्ट सांगतो, सांधा सैलच. टर्मिनल हातानं धरून पिळलं, ते खुंटावर गोल फिरलं.

बोल्ट सोडून कडं वर काढलं. आत खुंटाभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली, शेंगदाणा तेलाच्या डब्याची, एका बाजूला छापलेली हिरवी पानं अजून दिसत होती. आम्लाच्या वाफेनं पट्टीला गंज चढलेला, कडेला पांढरी-हिरवी भुकटी. पट्टी सोलून काढल्यावर खुंट सगळीकडून राखाडी आणि निस्तेज, फक्त दोन ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढे काळे चमकदार ठिपके, ठिणगीनं खड्डे पडलेले. तेवढ्या दोन ठिपक्यांवर आख्खी गाडी चालत होती.

पट्टी का घालावी लागली? बाजारात या जातीच्या बॅटऱ्यांचे खुंट दोन मापांत येतात. जाड खुंटाचा धन बाजूचा व्यास मुळाशी सुमारे १९.५ मिलिमीटर आणि ऋण बाजूचा १७.९. बारीक खुंटाचे तेच आकडे सुमारे १४.७ आणि १३. गाडीची टर्मिनलं जाड खुंटाची, आणि मे महिन्यात बसवलेली बॅटरी बारीक खुंटाची. ऋण बाजूला पाचेक मिलिमीटरची फट. ती पत्र्यानं भरली. धन बाजूला बहुधा शिशाचा तुकडा हाताशी होता, म्हणून तिथे ०.३ वर भागलं.

बॅटरीवरच्या पाटीवर सगळं लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही. हिच्यावर ३८बी२०एल होतं. मधला २० हा आकडा लांबीचा, सेंटिमीटरमध्ये. गाडीला मुळात २४ सेंटिमीटरची लागायची, ४६बी२४एलएस. शेवटचा एस जाड खुंटाचा. तो नसेल तर खुंट बारीक. मालकाला मे महिन्यात घाई होती, दुकानात २४ ची नव्हती, हजार-बाराशे स्वस्त म्हणून २० ची घेतली गेली. व्होल्ट तेवढेच, धन-ऋणाची दिशा तीच, केबल पोचते, मग काय बिघडलं, असा हिशेब.

पण चार सेंटिमीटर लांबी कमी म्हणजे ट्रेमधली पकडपट्टी बॅटरीला धरेना. तिथे लाकडाची पाचर आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबलेला, उन्हानं ट्यूब सैल पडलेली. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीवरचे रस्ते पहिल्या पावसात लाटा धरतात. प्रत्येक लाटेला बॅटरी ट्रेमध्ये डुलायची, केबल जागच्या जागी, आणि सगळा ताण टर्मिनलवर. माझ्या मते पत्र्याच्या पट्टीइतकाच दोष या पाचरीचा. बॅटरी घट्ट बसलेली असती तर पट्टीनं कदाचित वर्ष काढलं असतं.

शिवाय ऋण टर्मिनलच्याच बोल्टवर ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम आणि जादा हॉर्नचे तीन लग (वायरीच्या टोकाच्या चकत्या) एकावर एक चढवलेले.

दुरुस्ती

बॅटरी बदलायला मालक तयार नव्हते, आणि तिची तब्येत चांगली असल्यानं मीही आग्रह धरला नाही. दोन्ही खुंटांवर शिशाच्या निमुळत्या टोप्या बसवल्या. बारीक खुंट जाड करायला त्या मिळतात, किंमत किरकोळ, धन आणि ऋणाची वेगळी. पुढे जाड खुंटाची बॅटरी आली की टोपी काढून टाकायची.

क्रम नेहमीचा. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवली. ऋण टर्मिनल आधी सोडलं, धन नंतर. उलट केलं आणि धनाचा पाना बॉडीला टेकला तर पाना लालबुंद होतो. खायच्या सोड्याच्या पाण्यानं भुकटी धुतली, झाकणं बंद आहेत ना ते आधी पाहून, कारण सोडा आत गेला तर आम्ल मारतो. खुंट आणि कडी आतून पॉलिश पेपरनं शिसं चमकेपर्यंत घासली. टोप्या हातानं दाबून, मग टर्मिनल पार खालपर्यंत उतरवून बोल्ट आवळला. टर्मिनल हातोडीनं ठोकून बसवणारे मी पाहिलेत, त्यानं खुंटाचा आतला सांधा तडकतो. कानांत आता तीनेक मिलिमीटर फट उरली, तीच हवी असते. बोल्ट ५-६ न्यूटन-मीटरच्या वर आवळायचं कारण नाही, शिसं मऊ आहे. वरून पेट्रोलियम जेलीचा हात, सांध्यात नाही, सांध्यावर. धन आधी, ऋण शेवटी.

ट्रॅकर, म्युझिक आणि हॉर्नच्या ऋण वायरी बॉडीवरच्या वेगळ्या अर्थ बोल्टवर नेल्या, त्यांच्या धन वायरींना फ्यूजची छोटी पेटी दिली. ट्रेमध्ये लोखंडी पट्टीचा अडसर वेल्ड करून पकडपट्टी २० सेंटिमीटरच्या बॅटरीला पुरेल अशी केली.

मग सगळी मापं पुन्हा. ऋण सांध्यावर सेल्फ फिरताना ०.०५, धनावर ०.०४. टर्मिनलांवर १०.६. ऑल्टरनेटर १४.१, खुंटांवर १४.०. दार चालकांनाच आपटायला लावलं, त्यांनी मनापासून आपटलं. घड्याळ जागचं हललं नाही. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवून दुसऱ्या दिवशी गाडी दिली.

राहिला प्रश्न बल्ब आणि पिवळ्या दिव्याचा. इंजिन चालू असताना बॅटरीचा सांधा क्षणभर तुटला की ऑल्टरनेटरला आवर घालणारं कुणी उरत नाही आणि व्होल्टेजचा फटका १४ च्या कितीतरी वर जातो. बल्ब त्यात उडतात, इंजिनाचा कंट्रोल युनिट गडबडतो आणि दिवा लावतो. चालकांनी बोलता बोलता आणखी एक सांगितलं. कुठेतरी ऑल्टरनेटर तपासायला म्हणून चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून पाहिलं गेलं होतं. डायनामोच्या काळात हे चालायचं. कंट्रोल युनिट असलेल्या गाडीत हा प्रयोग करणाऱ्याच्या हाती मी माझी गाडी देणार नाही. या गाडीचा युनिट वाचला, हे मालकाचं नशीब.

जुना सेल्फ डिकीतच पोत्यात पडून होता. बेंचवर लावून फिरवला, ब्रश निम्म्याहून जास्त शिल्लक, आवाज स्वच्छ. मालकांना सांगितलं, ठेवून द्या, पुढेमागे लागेल. ते काही बोलले नाहीत.

गाडी दिवाळीआधी सर्व्हिसला आली तेव्हा सीट काढून परत मोजलं. ऋण सांधा ०.०७, पकडपट्टी जागेवर, ट्रॅकरचा एकही मेसेज नाही. उजव्या पार्किंगचा बल्ब मात्र मध्ये एकदा गेला होता. होल्डर उघडला तर आत पावसाचं पाणी शिरून गंज धरलेला, बॅटरीशी त्याचा संबंध नव्हता. होल्डर बदलून दिला.